आठ महिन्यांनंतर: गाडी चांगली आहे, ती टुंगटुंग सोडून

मायलेज आणि पिकअपवर भरपूर लिहून झालंय, माझी भर नको. एसी झकास, मागचं सस्पेन्शन जरा कडक, बास. मला लिहायचंय सीटबेल्टच्या अलार्मबद्दल, कारण गेले दोन महिने या गाडीत मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

मी बेल्ट लावलेला, शेजारची सीट रिकामी, आणि गाडीने जरा वेग घेतला की टुंग, टुंग, टुंग. शेजारी कोणी बेल्ट न लावता बसलंय, असं गाडीचं ठाम मत. दीड मिनिट बोंबलून गप्प व्हायची आणि सिग्नलला थांबून निघालं की पुन्हा पहिल्यापासून. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत.

आधी वाटलं बकलमध्ये कचरा गेला असेल. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, फरक शून्य. मग सर्व्हिस सेंटर. त्यांनी स्कॅनर लावला, एकही एरर कोड नाही. तरी निदान तयार: सेन्सर सीटच्या फोमला चिकटूनच येतो, खालची अख्खी गादी बदला. आणि तुम्ही बाहेरचं सीटकव्हर घातलंय, म्हणून वॉरंटी नाही. कव्हरचा आणि आवाजाचा संबंध काय, म्हणून मी काउंटरवर बराच आवाज चढवला. (हे लक्षात ठेवा.) गादीचा आकडा ऐकून गाडी तशीच घरी आणली.

मग तात्पुरता जुगाड केला: रिकाम्या सीटचा बेल्ट खोचून ठेवला. लगेच शांतता! म्हणजे बकल ठणठणीत, सीटलाच वाटतंय की कोणीतरी बसलंय. बाजारात नुसती खोट्या बकलची क्लिप मिळते, ती एकाने सुचवली. पैसे वाचवायचे म्हणून मी खराच बेल्ट खोचला, एवढाच काय तो फरक. तीन आठवडे मजेत गेले. मग एकदा आई पुढे बसली, ती खोचलेल्या बेल्टवरच. हायवेला लागेपर्यंत मलाही दिसलं नाही आणि गाडीही गप्प. गाडी बाजूला घेऊन आधी तिला नीट बेल्ट लावला. तोवर अलार्म बनवणाऱ्याला मी रोज शिव्या घालत होतो, त्या तिथे थांबल्या.

या आवाजाला वैतागलेला मी पहिला नाही, हे नंतर वाचून कळलं. अमेरिकेत १९७४च्या मॉडेलांना बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही अशी सक्ती होती. सीटवर सामानाची पिशवी ठेवली तरी गाडी अडायची. लोक इतके भडकले की त्याच वर्षी कायदा करून ती सक्ती काढली आणि सक्तीचा बझर ८ सेकंदांवर आणला. आठ सेकंद! माझ्या नशिबी दीड मिनिट.

तर रविवारी टॉर्च घेऊन सीटखाली शिरलो. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही, एवढं माहीत होतं. बाकी सगळं जागेवर घट्ट. बाहेर येताना कव्हरच्या हुकात बाही अडकली, ती सोडवताना एक हुक निघाला आणि कापड सटकन आत गेलं. ढोलकीसारखं ताणलेलं होतं. तेव्हा आठवलं: कव्हर धुतलं, ते आटलं, आणि ओढूनताणून परत बसवलं ते दोन महिन्यांपूर्वीच. सेन्सर म्हणजे गादीतला पातळ पापुद्रा, वरून दाब पडला की माणूस बसला असं समजणारा. कव्हर चोवीस तास त्याच्यावर बसलं होतं. एरर कोड का नव्हता तेही कळलं, सेन्सर बिघडलाच नव्हता. चारही हुक सोडले, बेल्ट काढला, फेरी मारली. आवाज नाही.

म्हणजे कव्हरचा संबंध होता, आणि काउंटरवर मी उगाच भांडलो. पण वॉरंटी नाकारायला ज्यांना कव्हर दिसलं, त्यांच्यातल्या एकालाही ते दोन मिनिटं काढून बघावंसं का वाटलं नाही? गादी मात्र विकायची होती. सर्व्हिसचा एक स्टार मी त्यासाठीच कापतोय, गाडीचे चार कायम.

लॅपटॉपची बॅग सीटवर ठेवली की अजून वाजतं, म्हणून ती आता खाली. कव्हर फेकलेलं नाही. बाजूची शिवण उसवून कापड वाढवता येतं का, ते शिंप्याला विचारणार होतो, पण साइड एअरबॅग त्याच बाजूने उघडते. सध्या ते डिकीत स्टेपनीवर पांघरलंय.