वाइल्ड टर्की 101: पहिली बोर्बन हीच घ्या

पहिल्यांदा बोर्बन, म्हणजे अमेरिकेतली मक्याची व्हिस्की, घ्यायला गेलात की दुकानदार काहीतरी गोडसर, सौम्य पुढे करतो. ऐकू नका. वाइल्ड टर्की 101 मागा. 101 हे प्रूफ, म्हणजे 50.5 टक्के अल्कोहोल. आकडा बघून दचकू नका. पाणी किती घालायचं हे बाटली भरणाऱ्याने ठरवण्यापेक्षा आपण ठरवलेलं बरं.

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होतो. सगळी नोकरी मळीपासून स्पिरिट काढण्यात गेली. आमचं ध्येय एकच: 96 टक्के, वास नको, चव नको. सध्या लेकीकडे अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला आहे, तर इथले बोर्बनचे नियम मुद्दाम वाचून काढले. सगळं उलटं! 80 टक्क्यांच्या वर डिस्टिल करायचंच नाही, म्हणजे धान्याचा गुण स्पिरिटमध्ये उरतो. धान्यात मका किमान 51 टक्के. बॅरल ओकचं, नवं कोरं, आतून जाळलेलं. त्यात भरताना स्पिरिट 62.5 टक्क्यांपेक्षा कडक नको. नंतर पाण्याखेरीज काही घालायचं नाही, रंगसुद्धा नाही. (केंटकीचीच हवी असं मात्र नाही, अमेरिकेत कुठेही बनवता येते.)

वाइल्ड टर्कीवाले लॉरेन्सबर्गला बॅरल भरतात ते 57.5 टक्क्यांवर. यात बॅरलं जास्त लागतात, खर्च वाढतो. पण बाटलीत भरताना पाणी कमी घालावं लागतं आणि लाकडातून उतरलेलं पातळ होत नाही. आमच्या कारखान्यात असा प्रस्ताव मांडला असता तर अकाउंट्सवाल्यांनी मला केबिनबाहेर काढलं असतं. जिमी रसेल हे गृहस्थ 1954 पासून या डिस्टिलरीत, मुलगा एडी 1981 पासून. त्यामुळे हट्ट टिकला असावा.

आणखी एक गंमत. आमच्याकडे स्पेंट वॉश, म्हणजे स्पिरिट काढून घेतल्यावर उरणारं पाणी, ही डोकेदुखी: वास, प्रदूषण मंडळ, गावकऱ्यांच्या तक्रारी. इथे त्यातला काही भाग पुढच्या घाण्यात घालतात. तो आंबट असतो, त्याने पीएच खाली राहतो आणि नको ते जंतू माजत नाहीत. लेबलांवर ‘सावर मॅश’ दिसतं ते हेच. केंटकीत बहुतेक सगळे असंच करतात, त्यामुळे त्या शब्दासाठी जादा पैसे मोजू नका.

आता चव. ग्लास नाकाशी नेला की आधी काकवी, मग व्हॅनिला. घोट घेतला की मक्याचा गोडवा येतो आणि लगेच मागून मिरी-दालचिनीसारखा तिखटपणा. तो राय या धान्याचा. शेवटी जळक्या लाकडाचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. बॅरल आतून भरपूर जाळतात त्याचा हा परिणाम. 60 मिलीत दोन चमचे, म्हणजे 10 मिली पाणी घातलं की साधारण 43 टक्के होते. माझं प्रमाण हेच. सोबत खारे शेंगदाणे. कोक घालणार असाल तर यापेक्षा स्वस्त बाटली आणा.

राय झेपत नसेल तर मेकर्स मार्क बघा. तिच्यात रायऐवजी गहू असतो, ती मऊ आहे. आमच्या सौभाग्यवतींना तीच आवडते. जॅक डॅनियल्स टेनेसीची. बॅरलमध्ये जाण्याआधी ती मेपलच्या कोळशातून गाळतात. मला ती 40 टक्क्यांवर पांचट लागते. धुरकट स्कॉचचे भक्त असाल तर यातलं काहीच तुमच्यासाठी नाही. गोव्याची पॉल जॉन प्यायला असाल तर मात्र बोर्बनचं लाकूड तुमच्या ओळखीचं आहे. इथे एकदा वापरलेलं बॅरल बोर्बनला परत चालत नाही, ते तिकडे जातं.

पाचपैकी चार. एक कापला कारण पाण्याशिवाय पहिला घोट नाकात झोंबतो आणि लेबलावर वय छापलेलं नाही. ‘स्ट्रेट’ लिहून वय दिलं नसेल तर कायद्याने किमान चार वर्षं धरायची, पण सरळ छापायला काय जातं?

इथे 750 मिलीची बाटली 25-30 डॉलरला मिळते. भारतात बोर्बनवरचं आयात शुल्क 2025 मध्ये 150 वरून 100 टक्क्यांवर आणलं, तरी किंमत बघून तहान पळते. परत जाताना दोन लिटरची मुभा आहे. एक लिटर हीच. दुसरी कोणती राय व्हिस्की घ्यावी यावर जावयाशी वाद चालू आहे.