आठ महिने गिम्प वापरल्यानंतर

घरातील जुन्या छायाचित्रांची डागडुजी स्वतःला करता यावी, एवढ्याच हेतूने आठ महिन्यांपूर्वी मी गिम्प हे चित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर शिकायला घेतले. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस यांनी १९९५ मध्ये सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर आजही विनामूल्य मिळते. मी वापरतो ती ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली.

पहिले दोन महिने माझे सारे लक्ष ब्रश, क्लोन, हील या साधनांकडे होते आणि काम थेट मूळ चित्रावर चालत असे. एका छायाचित्रात चेहऱ्यावरून गेलेली चीर मी क्लोनने बुजवली आणि फाइल बंद केली. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर गालावरचा छायाप्रकाश सपाट झाला होता. फाइल बंद होताच ‘अनडू’चा इतिहास पुसला जातो, त्यामुळे मागे फिरता येईना. क्लोन एका जागेचा तुकडा जसाच्या तसा दुसरीकडे ठेवतो, तर हील त्या तुकड्याचा पोत घेऊन रंग आणि उजेड आजूबाजूच्या भागाशी जुळवतो, हा फरक मला त्या चुकीनंतर नीट समजला. तेव्हापासून मी मूळ लेयरला, म्हणजे चित्राच्या मूळ थराला, हात लावत नाही. त्याची प्रत करून तिच्यावर दुरुस्ती करतो आणि प्रतीला मास्क, म्हणजे तिचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा, जोडतो. मास्कवरचा पांढरा भाग दुरुस्ती दाखवतो, काळा ती लपवतो आणि करडा अर्धवट दाखवतो. त्यामुळे दुरुस्ती कुठे जास्त झाली आहे असे वाटल्यास तेवढ्याच जागी काळा ब्रश फिरवला की मूळ चित्र परत दिसू लागते.

मात्र सर्वांत मोठा बदल हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात कोणत्या उजेडाचे पिक्सेल किती आहेत हे दाखवणारा आलेख, वाचता येऊ लागल्यावर झाला, आणि नवशिक्याने ब्रशच्या आधी हाच भाग शिकावा असे माझे स्पष्ट मत आहे. विटलेल्या छायाचित्रात ० (काळा) ते २५५ (पांढरा) या पट्टीवरील सारी उंची मधल्या भागात गोळा झालेली असते, म्हणजे चित्रात खरा काळाही नसतो आणि खरा पांढराही नसतो. लेव्हल्स या साधनात या पट्टीची दोन्ही टोके आत सरकवली की चित्र उजळते. रंगीत छायाचित्रात मात्र हे लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलवर (प्रत्येक रंगाच्या स्वतंत्र भागावर) वेगवेगळे करावे लागते, कारण अनेक जुन्या प्रतींमध्ये सायन (हिरवट निळे) रंगद्रव्य आधी विटते आणि सगळ्या चित्रावर लालसर झाक चढते. आठ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ च पायऱ्या असतात. त्या फार ताणल्या तर हिस्टोग्रामला कंगव्यासारखे दात पडतात आणि सपाट आकाशात पट्टे उमटतात. म्हणून मी आता शक्य असेल तिथे स्कॅनच सोळा बिटमध्ये घेतो. चार बाय सहा इंची प्रत ६०० पीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० पिक्सेल घेऊन, स्कॅन केली की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात आणि बारीक चिरा मोठ्या करून पाहण्यास ते पुरेसे ठरतात.

३.० मध्ये फिल्टर लेयरवर कायमचे न उमटता त्याच्यासोबत वेगळे नोंदलेले राहतात, त्यामुळे उजेड जुळवणाऱ्या कर्व्ह्स फिल्टरमधील वक्राचा आकार आठवड्यानेही बदलता येतो. ही सोय मला फार मोलाची वाटते. ‘सेव्ह’ केवळ गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल करते आणि जेपीईजीसाठी ‘एक्सपोर्ट’ वापरावे लागते, हे सुरुवातीला गैरसोयीचे वाटले. पण लेयर आणि मास्क एक्ससीएफमध्ये टिकतात, जेपीईजीमध्ये नाही, आणि जेपीईजी पुनःपुन्हा उघडून साठवल्यास दर्जा घसरतो, म्हणून ही विभागणी योग्यच आहे. ज्यांना छपाईसाठी थेट सीएमवायके या चार शाईंच्या रंगपद्धतीत संपादन करायचे आहे, त्यांना मात्र हे पुरणार नाही.

त्या चिरलेल्या चेहऱ्याचा मूळ कागद सुदैवाने जवळच होता. गेल्या महिन्यात तो पुन्हा स्कॅन केला आणि चिरेवर अगदी लहान ब्रशने, दर वेळी शेजारचाच नमुना घेत, हीलने काम केले. या वेळी गालाची गोलाई शाबूत राहिली आहे. भुवईजवळचा भाग अजून बाकी आहे.