साडेतीन इंचांचा मॉनिटर स्टँड: सुताराकडून करून घेतला, पावसाळाभर वापरला

चिपळूणला घराच्याच एका खोलीत माझं कर सल्लागाराचं काम चालतं. टेबल चार फूट बाय दोन फूट. त्यावर एकोणीस इंची मॉनिटर, नंबर पॅडवाला मोठा कीबोर्ड, माउस, बारा आकडी कॅल्क्युलेटर, शिक्के, शाईपॅड, स्टेपलर, डिजिटल सहीची टोकनं (पेन ड्राइव्हसारखी, यूएसबीत लावायची), आणि समोर बसलेल्या अशिलानं आणलेली बिलांची पिशवी. जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या ११ आणि २० तारखा जवळ आल्या की या टेबलावर वही उघडायला जागा उरत नसे. मॉनिटरखाली कप्पे असलेला लाकडी स्टँड फेब्रुवारीत करून घेतला आणि दिवाळी होईपर्यंत रोज वापरला. असा स्टँड करून घ्यायचा विचार असणाऱ्यांसाठी हा अनुभव मापांसकट लिहिते आहे, कारण या वस्तूचं बरंवाईट सगळं मापांवर अवलंबून आहे.

पहिलं माप उंचीचं, आणि स्टँड बिघडतो तो बहुधा इथेच. साठवणीचा स्टँड म्हटला की कप्पे मोठे हवेत असं वाटतं आणि उंची सहा-सात इंचांवर जाते. मग मान दिवसभर वर. स्टँडची उंची डोळ्यांनी ठरवायची आणि साठवण त्या उंचीत बसेल तेवढीच करायची, उलटं नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, हा साधा नियम. माझ्या खुर्चीत ताठ बसलं की डोळे टेबलापासून अठरा इंचांवर येतात. मॉनिटर स्वतःच्या पायावर साडेतेरा इंच उंच. म्हणजे हिशोबानं साडेचार इंच हवेत. पण मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. त्यात जवळचं दिसतं ते काचेच्या खालच्या भागातून, त्यामुळे पडदा जरा उंच झाला की नकळत हनुवटी वर जाते आणि संध्याकाळी मानेच्या मागे कळ येते. चाळिशी लागलेल्या सगळ्यांनी हे ध्यानात घ्यावं, आपल्यासाठी पडदा नियमापेक्षा आणखी थोडा खालीच बरा.

लाकूड कापण्याआधी उंची तपासायचा उत्तम मार्ग म्हणजे ए-फोर कागदाची रिमं. पाचशे कागदांचं एक रीम साधारण दोन इंच जाड असतं आणि मॉनिटरचा पाया त्यावर नीट बसतो. एका रिमावर काही दिवस काम केलं, मग दोन रिमांवर. एकावर मान झुकत होती, दोनांवर हनुवटी उचलली जात होती. दुसऱ्या रिमातले कागद कमी करत करत साडेतीन इंचांवर आले तेव्हा मानेकडे लक्ष जाणंच थांबलं. तेच माप सुताराला दिलं. ‘ताई, एवढ्याशा उंचीत काय मावणार?’ असं ते म्हणालेच. पण उंची पक्की असल्यामुळे जागा शोधायची ती रुंदीत, हेही तिथेच ठरलं.

चोवीस इंची किंवा त्याहून मोठा मॉनिटर असेल तर आधी टेप लावून पाहा. बहुतेक चोवीस इंची मॉनिटरांची वरची कड स्वतःच्या पायावरच सोळा-सतरा इंचांवर येते, तिथे स्टँडला जेमतेम एखादा इंच उरतो. लॅपटॉपचं गणित याच्या उलट. त्याचा पडदा इतका ठेंगणा की साडेतीन इंचांनी काही साधत नाही, सहा-आठ इंच तरी लागतात आणि कीबोर्ड वेगळा घ्यावा लागतो. त्यामुळे माझी मापं जशीच्या तशी कोणी उचलू नयेत.

तर स्टँड असा आहे: लांबी तीन फूट, खोली एक फूट, उंची साडेतीन इंच. वरची फळी आणि चारही उभ्या फळ्या १८ मिलीमीटर प्लायच्या. वरची फळी वजा केली तर आत पावणेतीन इंच मोकळे मिळतात. मधला गाळा साडेअठरा इंचांचा, कीबोर्डसाठी. डावीकडे साडेपाच इंचांचा उघडा कप्पा, उजवीकडे नऊ इंचांच्या गाळ्यात ड्रॉवर.

मधल्या गाळ्याचं माप ठरवताना कीबोर्डच मोजला. नंबर पॅडसकट तो साडेसतरा इंच भरतो. आकड्यांचं काम करणाऱ्याला नंबर पॅडशिवाय चालत नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच तयार स्टँडांत पायांमधलं अंतर सोळा इंचांच्या आतच होतं, तिथे असा कीबोर्ड आडवा जातच नाही. या गाळ्यानं माझं काम जितकं बदललं तितकं स्टँडच्या दुसऱ्या कुठल्याच भागानं नाही. बिलं तपासायची असतात तेव्हा कीबोर्ड आत सरकवते आणि टेबलाचा पुढचा अख्खा एक फूट कागदांसाठी मोकळा होतो. टायपिंग सुरू झालं की तेच कागद, ए-फोर आडवे धरून, गाळ्यात सरकवते आणि कीबोर्ड बाहेर घेते. एकाच जागेचे दिवसभर असे आलटून पालटून दोन उपयोग होतात. कागद मिसळत नाहीत, चहाच्या कपाखाली येत नाहीत, पंख्यानं उडत नाहीत. जुलैत विवरणपत्रांची गर्दी होते तेव्हा एका अशिलाचे कागद आत आणि दुसऱ्याचे बाहेर, असं करता आलं याचा मला फार आनंद झाला.

ड्रॉवरच्या बाबतीत सुताराचं ऐकण्यासारखं आहे. टेलिस्कोपिक चॅनेलची (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्ट्यांची) प्रत्येक बाजू अर्धा इंच खाते, म्हणजे दोन्हीकडचा मिळून एक इंच गेला. ड्रॉवरच्या बाजूच्या फळ्या १२ मिलीमीटरच्या, त्यांचा आणखी जवळपास एक इंच. नऊ इंचांच्या गाळ्यातून हातात आले सात इंच. गाळा साडेपाच इंचांचा ठेवला असता तर ड्रॉवर उरला असता साडेतीन इंचांचा, त्यात पेनांशिवाय काय मावणार? म्हणून अरुंद बाजू उघडी ठेवायची आणि ड्रॉवर एकच, पण कामाच्या रुंदीचा करायचा, हा त्यांचा सल्ला मी मानला. चॅनेल दहा इंची बसवला, कारण एक फूट खोलीत त्याच्या मागे वायरींना जागा राहते. ड्रॉवरच्या आत उंची जेमतेम दोन इंच आहे आणि मला तीच आवडते. एवढ्या उथळ ड्रॉवरमध्ये एकावर एक थर साचत नाहीत, उघडला की सगळं एका नजरेत दिसतं. चेकबुकं लांबीनं आत जातात (चेक साधारण आठ इंच लांब असतो), शिक्के आडवे, शाईपॅड, टाचण्या, यू-पिना, पासबुकं. ए-फोर कागद त्यात बसत नाही. तो बसावा म्हणून ड्रॉवर मोठा करावा असं मला अजूनही वाटत नाही, कागदाची जागा फाइलमध्येच.

डाव्या कप्प्यात कॅल्क्युलेटर, स्टेपलर आणि एक यूएसबी हब. हब आतल्या बाजूला फळीच्या तळाला दुहेरी टेपनं चिकटवला आहे. कारण सीपीयू टेबलाखाली, आणि दर अशिलामागे वेगळं टोकन लावायला पूर्वी वाकावं लागायचं. आता बसल्या जागी हात पुढे केला की टोकन लागतं. ज्यांना दिवसातून अनेकदा पेन ड्राइव्ह किंवा टोकन बदलावं लागतं त्यांनी ही सोय नक्की करून घ्यावी. हबची वायर मागून जाईल एवढंच बघायचं.

वायरींसाठी फळीला गोल भोक पाडायची पद्धत आहे. मी त्याऐवजी मागच्या कडेला दीड इंच आत जाणारी खाच मागितली. भोकातून वायर ओवायची तर ती आधी दोन्ही टोकांना सोडवावी लागते आणि मोठा प्लग अडकतो तो वेगळाच. खाचेत वायर वरून नुसती सोडता येते. मॉनिटर पुसायला उचलला तरी काही उपसावं लागत नाही. पाठीमागे डाव्या-उजव्या गाळ्यांना दोन-दोन इंची पट्टी आहे, मधला गाळा मागून उघडा. पट्ट्या शोभेच्या नाहीत. पाठ नसलेला स्टँड बाजूनं ढकलला की डुलतो, या पट्ट्या त्याला ताठ धरतात. यूपीएस मात्र स्टँडवर किंवा स्टँडमध्ये ठेवू नये. बॅटरीमुळे छोटा यूपीएससुद्धा चार-पाच किलो भरतो आणि त्याला हवाही लागते. माझा टेबलाखालच्या फळीवर आहे, जमिनीपासून उंच.

आता लाकडाचं. चिपळूणला २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा पार्टिकल बोर्डाच्या फर्निचरचं काय होतं ते गावानं पाहिलं. फुगून, भुसा होऊन ते बाहेर टाकावं लागलं. पूर रोज येत नाही, पण कोकणातली हवा जूनपासून चार महिने ओलीच असते आणि बोर्डाच्या उघड्या कडा ती ओल शोषतात. म्हणून आयएस ७१० या मानकाचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय घेतला, त्यालाच दुकानात मरीन म्हणतात. एवढ्याशा कामाला पाच-सहा चौरस फूट पुरतो. अख्खं आठ बाय चारचं पान घ्यायची गरज नाही, सुताराकडे दुसऱ्या कामातले तुकडे असतात. १२ मिलीमीटरची फळी घेतली तर दोन सूत (पाव इंच) उंची वाचेल असा एक विचार होता. पण जाडी दीडपट झाली की फळीचा ताठपणा तीन पटींहून जास्त वाढतो, आणि १२ मिलीमीटरच्या कडेत स्क्रू मारताना प्लायचे पापुद्रे सुटतात. १८ मध्येसुद्धा आधी बारीक ड्रिल मारून मगच स्क्रू फिरवले, सांध्यांना फेविकॉल लावला, आणि वरून मारलेल्या स्क्रूंवर शेवटी सनमायका बसवला, त्यामुळे वर एकही स्क्रू दिसत नाही.

सनमायका मॅट घ्या. चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबलाइट आणि पडदा दोन्ही उमटतात आणि डोळ्यांना तेही सोसावं लागतं. फळीच्या खालच्या अंगाला लायनर (पातळ, साधा सनमायका) लावायचा आग्रहही धरा. एकाच बाजूला सनमायका असेल तर दुसरी बाजू ओल घेते आणि फळी बाक धरते. खालची बाजू कोणाला दिसत नाही म्हणून हा खर्च वाचवण्याकडे कल असतो. माझ्या स्टँडवर पावसाळ्यानंतर सरळ पट्टी ठेवून पाहिली, कुठेही उजेड दिसला नाही. ड्रॉवर ऑगस्टमध्येही अडकला नाही. कडांना सागाची बीडिंग (बारीक पट्टी) आहे आणि मनगट तिथे सारखं घासतं, म्हणून तिची धार गोल करून घेतली.

त्रास दोन आहेत. मधला गाळा मागून उघडा असल्यानं धूळ आत जाते, आठवड्याला ओलं फडकं फिरवावं लागतं, आणि पावसाळ्यात पाली तिथे मुक्कामाला येतात. संध्याकाळी गाळा रिकामा ठेवून कीबोर्डवर कापड टाकायला लागल्यापासून कीबोर्ड तरी स्वच्छ राहिला. दुसरं म्हणजे वरच्या फळीवर मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना आठ-नऊ इंच मोकळे राहतात आणि तिथे कागद साचू लागतात. डावीकडे छोटी कुंडी आणि उजवीकडे फोनचा स्टँड ठेवून ती जागा मी भरून टाकली.

मॉनिटर आर्मबद्दल अनेक जण विचारतात. पडदा हवेत धरायचा तर आर्म उत्तमच, टेबलावरची जागा त्यानं जास्त सुटते. पण मॉनिटरच्या पाठीला ७५ किंवा १०० मिलीमीटरच्या चौकोनातली स्क्रूंची भोकं लागतात, माझ्या जुन्या मॉनिटरला ती नाहीत. टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर टेबलाच्या कडेला आवळायचा क्लॅम्प आणि आर्मचा मागे वळणारा हात, दोन्हींची अडचण होते. आणि शिक्के, टोकनं, चेकबुकं यांचा प्रश्न तसाच राहतो.

पुन्हा करून घेतला तर उभ्या फळ्यांच्या खाली पहिल्याच दिवशी रबरी बूट बसवून घेईन. टेबल पुसताना पाणी फळ्यांच्या कडेला लागतं, म्हणून मी ते मे महिन्यात बसवले. त्यानं उंची एक सूत वाढली, ती मानेला जाणवली नाही. सगळा खर्च मजुरीसकट तीन हजारांच्या आत झाला. सुताराला मापांचा कागद आणि तुमचा कीबोर्ड, दोन्ही नेऊन द्या. आमच्या सुतारांनी गाळा कापण्याआधी कीबोर्ड प्रत्यक्ष ठेवून पाहिला आणि वायरीच्या वळणासाठी मागे दोन बोटं जागा आपणहून सोडली.