मालकाला भाडं, भाडेकरूला हेवी डिपॉझिट

आम्ही नाशिकला आल्यापासून डोंबिवलीतला आमचा वन-बीएचके बंद होता. सोसायटीखालीच ऑफिस असलेल्या एका एजंटने भाडेकरू आणला. ५० हजार डिपॉझिट, महिना १६ हजार. "ताई, ११ महिन्यांचाच तर करार, रजिस्ट्रेशनचा खर्च कशाला? नोटरी करून टाकू." मी हो म्हटलं. भाडेकरूला सुट्टी नाही म्हणून तो नंतर सही करेल, असं सांगून त्याने माझी सही शेवटच्या पानावर घेतली. पैसे दर ५ तारखेला यायचे, तेही एजंटच्याच खात्यातून. वेळेवर येतात म्हणून मी कधी विचारलं नाही. तिथेच चुकलं.

दहा महिन्यांनी पैसे थांबले, फोन बंद. मी आणि हे डोंबिवलीला गेलो. दार उघडलं एका बाईने, कडेवर लहान मूल. थकलेल्या भाड्याचं विचारलं तर ती बघतच राहिली. "भाडं कसलं? आम्ही सात लाख दिलेत की!" कपाटातून प्लास्टिकचं फोल्डर काढून तिने करार माझ्या हातात दिला. शेवटचं पान माझंच, सही माझीच. आधीची पानं बदललेली: ७ लाख हेवी डिपॉझिट, म्हणजे घर सोडताना परत मिळणारी मोठी रक्कम, आणि त्या बदल्यात भाडं नाही. माझ्या पानाच्या कोपऱ्यात स्टेपलरची दोनदा पाडलेली भोकं होती, बाकीच्या पानांना एकदाच. मालकीणबाई बाहेरगावी असतात, पैसे मी पोचवतो, असं सांगून एजंटने रक्कम स्वतःच्या खात्यात घेतली होती. त्यासाठी तिने दागिने मोडले होते. म्हणजे तिच्याच पैशातून मला दरमहा भाडं येत होतं.

वकिलांनी सांगितलं ते ऐकून पायाखालची जमीन सरकली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. वर ५ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. ऑनलाइन नोंदणी आता घरबसल्या होते, त्यात मालक आणि भाडेकरू दोघांचेही अंगठे लागतात. तेवढं केलं असतं तर सात लाख आणि सोळा हजार एकाच कागदावर समोरासमोर आले असते.

म्हणून कळकळीने सांगते, एजंट कितीही ओळखीचा असो, भाडेकरूला स्वतः भेटा. भाडं त्याच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात येऊ द्या. भाडेकरूंनीही सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मालकाचं नाव विचारावं, त्याच्याशी बोलावं, इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा, त्यात मालकाचं नाव असतं) बघावा आणि डिपॉझिट मालकाच्याच खात्यात भरावं.

पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला ती आणि मी एकाच बाकावर बसलो होतो. तिला घर सोड म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि सात लाख द्यायची माझी ऐपत नाही.