संगणक सुरूच होत नाही : विश्रामबागेतील एका दुरुस्ती दुकानाविषयी

सांगलीत संगणक विकणारी दुकाने पुष्कळ आहेत. बंद पडलेला संगणक नेमका कशाने बंद पडला हे शोधून सांगणारी मात्र फार थोडी, आणि विश्रामबागेतील हे छोटे दुकान त्या थोड्यांमध्ये मोडते, असे माझे मत झाले आहे. आमच्या घरचा डेस्कटॉप बराच जुना, चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा आहे. बटण दाबले की पंखा क्षणभर फिरून थांबत असे. मॉनिटरवर काही उमटत नसे आणि बीपही येत नसे. शहरातील दुसऱ्या एका कारागिराने कॅबिनेटचे झाकणही न उघडता ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल दिला होता आणि त्यासोबत नव्या संगणकाचे कोटेशन हातात ठेवले होते.

विश्रामबागेत पहिल्यांदा विचारला गेला तो प्रश्नच वेगळा होता. ‘‘काका, पूर्ण बंद पडायच्या आधी मधूनच आपोआप रिस्टार्ट होत होता का?’’ होत होता, विशेषतः दुपारच्या उन्हात. त्या उत्तराने तेथील तरुणाचा संशय कोठे गेला असावा हे नंतर कळले. पण त्याने तो बोलून दाखवला नाही आणि तपासणी क्रमानेच केली, हे मला विशेष आवडले. हार्डडिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह आणि पुढच्या यूएसबीच्या वायरी काढून केवळ मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅमची एक पट्टी एवढेच शिल्लक ठेवले, तरी लक्षण तेच राहिले. मग पुढच्या बटणाची वायर काढून त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून पाहिल्या, कारण आत अडकून बसलेले बटणही संगणकाला सुरू होताच काही सेकंदांत बंद पाडू शकते. रॅमचे सोनेरी टोक खोडरबरने पुसून पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली. पावसाळ्यानंतर सांगलीत येणाऱ्या अशा तक्रारींपैकी बऱ्याच एवढ्यावरच मिटतात, असे तो म्हणाला. कृष्णाकाठच्या दमट हवेत हे पटण्यासारखे आहे. आमची मिटली नाही.

खरे कौशल्य दिसले ते एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, तपासणीत. चोवीस पिनांच्या कनेक्टरवरील जांभळ्या वायरवर पाच व्होल्ट बरोबर मिळत होते. हिरवी वायर काळीला जोडल्यावर एसएमपीएसचा पंखाही फिरू लागला आणि मल्टिमीटरने पिवळ्या वायरवर बारा व्होल्ट दाखवले. बहुतेक जण येथेच थांबून एसएमपीएस निर्दोष ठरवतात व दोष मदरबोर्डाच्या माथी मारतात. या तरुणाने मात्र त्यावर भार टाकला, तेव्हा तोच आकडा अकराच्याही खाली घसरला. बारा व्होल्टला पाच टक्के कमी-जास्त, म्हणजे 11.4 ते 12.6 एवढीच मुभा असते. त्यानंतर दुकानातील खात्रीचा एसएमपीएस आमच्या बोर्डाला जोडताच संगणक निमूटपणे सुरू झाला. म्हणजे ज्या मदरबोर्डाचे मरण आधीच जाहीर झाले होते, तो ठणठणीत होता. जुना एसएमपीएस त्याने उघडून दाखवला, तेव्हा आतील दोन कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची, डोकी फुगलेली होती. हे घरी कोणी करून पाहू नये, असेही त्याने बजावले. 230 व्होल्टच्या पुरवठ्यातून आत सुमारे 325 व्होल्ट डीसी तयार होते आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तेथे टिकून राहते.

नवा एसएमपीएस निवडताना मिळालेली माहिती आजवर मला कोणी दिली नव्हती. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेल्या वॅटपेक्षा बाजूच्या तक्त्यात बारा व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला बाराने गुणावे. खरी ताकद तेवढीच. त्याने समोर ठेवलेल्या स्वस्त खोक्यावर 450 वॅट लिहिलेले होते, पण हा गुणाकार त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नव्हता. आम्ही मधल्या किमतीचा घेतला. तारीख-वेळ सारखी मागे जात असल्याने बोर्डावरचा सीआर 2032 सेलही बदलला. तपासणीचे पैसे वेगळे लावले गेले. कोणाला ते खटकेल, परंतु दुकानदाराला शोधण्याचे पैसे मिळत असतील तर भाग बदलण्याची घाई तो करीत नाही, म्हणून मला ही पद्धत योग्य वाटते. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे आणि आमचा प्रोसेसर विंडोज 11 च्या अटींत बसत नाही, त्यामुळे बँकेचे व्यवहार यावर करू नयेत, हेही त्याने आपणहून सांगितले. नवीन यंत्र गळ्यात मारण्याची संधी होती, ती त्याने घेतली नाही.

उणिवाही आहेत, आणि त्यांतील एक गंभीर आहे. दुरुस्तीला ठेवलेल्या प्रत्येक कॅबिनेटवर ग्राहकाचे नाव, मोबाइल क्रमांक आणि चक्क विंडोजचा पासवर्ड लिहिलेली चिकटपट्टी लावलेली असते, आणि ती कॅबिनेटे काउंटरसमोरच रचलेली असतात. मी पासवर्ड देण्यास नकार दिला, तेव्हा कोणी हट्ट धरला नाही. लॉगिनचा पडदा आला की दुरुस्ती झाली, हे त्यांनाही मान्य होते. मग ती पट्टी लावायचीच कशासाठी? शिवाय खर्चाचा अंदाज तोंडी सांगतात, जुन्या मदरबोर्डांवर कोणतीही हमी देत नाहीत आणि संध्याकाळी गर्दी झाली की हीच शांत तपासणी उरकल्यासारखी होते.

म्हणून सकाळी लवकर जावे. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस नेण्याची गरज नाही. कॅबिनेट आणि त्याची पॉवर केबल पुरे. अंदाज कागदावर लिहून मागावा, मागितल्यास देतात. आणि बदललेला भाग परत मागून घ्यावा. आमचा फुगलेल्या कपॅसिटरचा एसएमपीएस त्यांनी न मागताच पिशवीत घालून दिला.