वर्डप्रेस की ड्रुपल: वाचनालयाची साइट कशावर बांधावी?

तालुक्याच्या गावातलं एखादं जुनं सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर आणा. दरवर्षी व्याख्यानमाला, कपाटं भरून जुने दिवाळी अंक, आणि कार्यकारिणीत एकमताने मंजूर झालेला वेबसाइटचा ठराव. कोटेशनं मागवली की एकात वर्डप्रेस असतं, दुसऱ्यात ड्रुपल, आणि दोन्हींत ‘अत्यंत लवचीक’ हे शब्द. तसं पाहिलं तर कुणीच खोटं बोलत नाही. दोन्ही साइट बांधायची आणि तिच्यावर मजकूर चढवायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त परवान्याची, दोन्ही पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालणारी. पण वर्डप्रेसची लवचीकता बाहेरून आणून बसवलेल्या प्लगइनमध्ये, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरमध्ये असते आणि ड्रुपलची आतल्या मांडणीत. पुढची पाच वर्षं साइट सांभाळणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो.

एक गोष्ट आधीच बाजूला काढू. पुस्तकांची देवघेव, सभासदांची वर्गणी, दंड ही कामं या दोघांपैकी कुणाच्याही गळ्यात घालू नका. त्यासाठी कोहा किंवा ई-ग्रंथालय ही ग्रंथालयांची खास सॉफ्टवेअर आहेत. साइटवर हवेत ते कार्यक्रम, सूचना, फोटो आणि जमलं तर दिवाळी अंकांची सूची.

खरी परीक्षा या सूचीतच होते. अंक, त्यातला लेख, लेखक, मुखपृष्ठाचा चित्रकार, वर्ष, कपाट क्रमांक, आणि हे सगळं एकमेकांना जोडलेलं. ड्रुपलमध्ये ‘स्ट्रक्चर’ मेनूत जाऊन ‘अंक’ आणि ‘लेख’ असे दोन प्रकार करायचे, लागतील ती फील्ड, म्हणजे रकाने, जोडायची आणि लेखाला लेखकाच्या पानाचा संदर्भ द्यायचा. मग ‘व्ह्यूज’ या याद्या करायच्या साधनात यादी बांधली की लेखकाच्या नावावर टिचकी मारून त्याचे सगळ्या अंकांतले लेख वर्षानुसार दिसतात. कोडची एक ओळही लागत नाही. व्ह्यूज हे पूर्वी वेगळं मॉड्यूल (ड्रुपलमध्ये प्लगइनला मॉड्यूल म्हणतात) होतं, २०१५च्या ड्रुपल ८पासून ते गाभ्यातच, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्येच आलं.

वर्डप्रेसलाही हे जमतं. स्वतःचे मजकूर-प्रकार करण्याची सोय २०१०च्या ३.० आवृत्तीत पक्की झाली, पण त्यासाठी डॅशबोर्डवर पडदा दिलेला नाही. कोड लिहा, नाहीतर प्लगइन घ्या. फील्डसाठी बहुतेक जण ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ घेतात. प्लगइन चांगलंच आहे. मात्र ही फील्ड डेटाबेसच्या एकाच लांबलचक टेबलात, एका ओळीत एक अशी साठतात. दोनचारशे नोंदींना काही फरक पडत नाही. पंधरावीस हजार लेख भरून लेखक, वर्ष आणि साहित्यप्रकार अशी तिहेरी चाळण लावली, की स्वस्तातल्या होस्टिंगवर साइट रखडू लागते.

शिवाय प्लगइन दुसऱ्याच्या हातात असतं. ऑक्टोबर २०२४मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मलनवेग आणि हे प्लगइन ज्यांचं आहे त्या डब्ल्यूपी इंजिन या कंपनीचं वाजलं, तेव्हा याच प्लगइनची अधिकृत डिरेक्टरीतली नोंद वर्डप्रेस.ऑर्गने ताब्यात घेऊन तिचं नावही बदललं. डिसेंबरात न्यायालयाच्या आदेशानंतर ती परत गेली. या भांडणाशी सामान्य वापरकर्त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण टांगती तलवार त्याच्याच डोक्यावर होती.

इथवर वाचून ड्रुपलकडे कल झाला असेल, तर जरा दमानं घ्या. व्याख्यानाचा वृत्तांत आणि चार फोटो चढवणारे चिटणीस वर्डप्रेसमध्ये एका दुपारी तयार होतात. २०१८च्या डिसेंबरात ५.० आवृत्तीने ब्लॉकवाला गुटेनबर्ग संपादक आणला तेव्हा बरीच ओरड झाली. जुना संपादक परत देणारं ‘क्लासिक एडिटर’ आजही लाखो साइटवर चालतं. तरी लिहिताना पान कसं दिसेल ते समोर दिसणं, फोटो ओढून टाकता येणं, हे नव्या माणसाला पटकन मानवतं. ड्रुपलचा पडदा सरकारी अर्जासारखा असतो: शीर्षक, दिनांक, वक्ता, स्थळ, मजकूर. रुक्ष आहे, पण चुकायला वाव कमी. तारीख तारखेच्याच रकान्यात जाते, त्यामुळे तीन वर्षांनी ‘२०२३ची सगळी व्याख्यानं’ म्हटलं की नीट मिळतात. वर्डप्रेसवर तीच तारीख कुणी मजकुरात लिहितं, कुणी शीर्षकात, कुणी नुसतीच फोटोवर.

मराठीचे काही खाचखळगे कोटेशनमध्ये कधी लिहिलेले नसतात. शीर्षक देवनागरीत लिहिलं की वर्डप्रेस पानाचा पत्ताही देवनागरीत बनवतं. आत मात्र प्रत्येक चिन्हाची टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ अक्षरं होतात आणि तो भाग २००वर कापला जातो. म्हणजे काना, मात्रा, हलन्त सगळं धरून जेमतेम २२ चिन्हं. ‘व्याख्यानमालेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष’ या शीर्षकाचा पत्ता ‘व्याख्यानमालेचे-सुवर्णम’ एवढ्यावरच तुटतो. वर तीच लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्यांच्या चिन्हांची झुंबड उडते. उपाय सोपा: पत्ता दरवेळी हाताने, रोमन लिपीत आणि छोटा लिहायचा. ड्रुपलवर पाथऑटो हे मॉड्यूल देवनागरीचं रोमन रूप आपणहून करतं. ते कामचलाऊ असतं, पण तुटत नाही.

शोधाच्या बाबतीत उलटं आहे. वर्डप्रेसचा शोध तसा भाबडा, दिलेली अक्षरं मजकुरात कुठेही असली तरी उचलतो. त्यामुळे ‘पुण्या’ टाकलं की पुण्यात, पुण्याला, पुण्याहून सगळं सापडतं. ड्रुपलच्या गाभ्यातला शोध अख्खा शब्द जुळवतो. ‘पुणे’ टाकलं तर ‘पुण्यात’ सापडत नाही. विभक्तीच्या भाषेत हा भाबडेपणाच पथ्यावर पडतो. ड्रुपल घेतलंत तर शोधासाठी वेगळी सोय करायला आधीच सांगा.

आणि जुने वृत्तांत श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात पेजमेकरवर केलेले असतील तर ते आधी युनिकोडमध्ये आणावेच लागतात. त्यातून दोघांपैकी कुणीच सुटका करत नाही. या कामाचे पैसे कोटेशनमध्ये स्वतंत्र लिहून घ्या.

मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत साइट हवी असेल तर ड्रुपल सरळ पुढे आहे. भाषांची चार मॉड्यूलं त्याच्या गाभ्यातच येतात. मजकूर, मेनू, फील्डची नावं सगळं भाषांतरित करता येतं. वर्डप्रेसमध्ये बहुभाषिकता हा गुटेनबर्गच्या आराखड्याचा चौथा टप्पा आहे. तो येईतोवर पॉलीलँग किंवा पैसे भरून डब्ल्यूपीएमएल ही प्लगइन.

देखभालीत मात्र ड्रुपलचं पारडं हलकं होतं. वर्डप्रेसच्या छोट्या सुरक्षा सुधारणा २०१३पासून आपोआप बसतात. मोठी आवृत्तीही एका बटणावर येते. ड्रुपलला कंपोजर हे अपडेट बसवायचं साधन लागतं, आज्ञा टाइप करायची कमांड लाइन लागते, आणि साध्या शेअर्ड होस्टिंगवर तिथेच घोडं पेंड खातं. ड्रुपल ७ जानेवारी २०११मध्ये आलं आणि ५ जानेवारी २०२५ला त्याचा आधार संपला. सातवरून आठवर जाणं म्हणजे जवळजवळ नवी साइट बांधणं होतं. बऱ्याच संस्थांनी तिथेच ड्रुपलला रामराम ठोकला. आठच्या पुढे नऊ, दहा, अकरा हा प्रवास पुष्कळच सुसह्य झालाय, पण तोंड पोळलेले लोक ताकही फुंकून पितात.

सुरक्षेबद्दल ‘ड्रुपल अभेद्य’ वगैरे ऐकाल. ऑक्टोबर २०१४मध्ये ड्रुपल ७च्या गाभ्यातच भोक सापडलं. ते जाहीर झाल्यापासून सात तासांत दुरुस्ती बसवली नसेल तर साइट फुटली असंच समजा, असं खुद्द ड्रुपलच्या सुरक्षा गटाने सांगितलं होतं. वर्डप्रेसमध्ये भोकं बहुतेक प्लगइनमधून पडतात, त्यातही वाऱ्यावर सोडलेल्या प्लगइनमधून. जितकी प्लगइन कमी, तितकी झोप चांगली.

‘व्हाइट हाऊस ड्रुपलवर आहे’ हे वाक्य विक्रेत्यांच्या तोंडी अजून असतं. २००९मध्ये ते खरं होतं. २०१७च्या शेवटी ती साइट वर्डप्रेसवर गेली आणि २०२३मध्ये नासानेही तीच वाट धरली. उलट आपल्या केंद्र सरकारचं मायगव्ह हे संकेतस्थळ ड्रुपलवर उभं आहे. अशा उदाहरणांवरून वाचनालयाने काहीही ठरवू नये. त्यांच्याकडे पगारी माणसं असतात.

आणि याच जातीतलं तिसरं सॉफ्टवेअर, जूमला? भाषांची आणि परवानग्यांची सोय त्याच्या गाभ्यात आहे, पण आज नव्याने सुरुवात करताना ते जाणणारा माणूस जवळपास मिळणं अवघड. असेल तर जरूर विचार करा.

माझं मत असं: कार्यक्रम, सूचना, फोटो आणि शेदोनशे पानं एवढंच असेल तर डोळे झाकून वर्डप्रेस घ्या, मोजकीच प्लगइन घाला. ते जाणणारा मुलगा किंवा मुलगी तालुक्यातच सापडेल. दिवाळी अंकांची सूची हाच साइटचा जीव असेल, दोन्ही भाषा हव्या असतील आणि वर्षाला देखभालीचे पैसे बाजूला काढायची तयारी असेल, तर ड्रुपल. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या ‘ड्रुपल सीएमएस’ या तयार संचाने सुरुवात बरीच सोपी केली आहे, अपडेटचं दुखणं मात्र तेच. पैसे नक्की नसतील तर सूचीचा मोह तूर्त एक्सेलमध्येच पुरवा. स्वच्छ रकान्यांची एक्सेल फाइल पुढे कुठेही चढवता येते.

सही करण्यापूर्वी दोन्ही कोटेशनवाल्यांकडून नमुना साइट मागा. तिच्यावर एक अंक त्यातल्या सगळ्या लेखांसकट चढवून बघायचा, आणि तो डेव्हलपरने नाही, रोज बसणाऱ्या ग्रंथपालांनी. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर नोंदवून घ्या, ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात कार्यवाहांकडे ठेवा.