वर्षभर वापरल्यावर: नेम झकास, पण रिकामी व्हायला तयार नाही

तक्रार करून पाठवलेली रायफल कंपनीकडून परत आली. सोबत एक कागद: ‘तपासणीत कोणताही दोष आढळला नाही.’ त्याला टाचलेलं एक टार्गेट, पाच गोळ्या जवळजवळ एकाच भोकात. टार्गेट सुंदर आहे, त्यात वादच नाही. पण माझी तक्रार नेमाबद्दल नव्हतीच, न मारलेली गोळी बाहेर निघत नाही ही होती! दात दुखतो म्हणून गेले आणि डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर काढून हातात दिला, असला प्रकार झाला.

कंपनीचं नाव लिहीत नाही, पत्रव्यवहार अजून संपलेला नाही. एवढं पुरे की ही .२२ ची (बॅरलचं भोक ०.२२ इंचाचं) सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल, रूगर या अमेरिकन कंपनीच्या १०/२२ मॉडेलच्या घाटाची आहे, पण रूगरची नाही. रूगरनं ते डिझाइन १९६४ मध्ये आणलं. पेटंटची मुदत कधीच संपली, त्यामुळे तोच रिसीव्हर (मधला सांगाडा) आणि तेच दहा गोळ्यांचं फिरकीचं मॅगझिन धरून आता कितीतरी कंपन्या आपापली रायफल काढतात. माझ्या कंपनीनं त्यात दोन आमिषं लावली: जाड बॅरल आणि मॅच चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा स्पर्धेसाठी घट्ट कापलेली. किंमत पाचशे डॉलरच्या आत. बाकी स्पेक्स तुम्हाला पाठ असतील.

घेतली कशाला, हे घरच्यांनी पुष्कळ विचारून झालंय. कोल्हापूरला कॉलेजात मी एनसीसीत होते. पॉइंट टू-टूच्या मोजून पाच गोळ्या मिळायच्या, त्या पालथं पडून मारायच्या, आणि मग उस्ताद टार्गेटवर वाकून ग्रुप, म्हणजे भोकांचा झुबका, बघायचे. गोळ्या मधोमध लागल्या की नाही याचं त्यांना काही नसायचं, एकत्र लागल्या का ते बघ म्हणायचे. पुढे लग्न, न्यू जर्सी, नोकरी, आणि ते सगळं मागे पडलं. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं) ब्राँझ आणलं आणि माझी खाज पुन्हा सुरू झाली. त्याची रायफल एकेक गोळी भरायची, माझ्या गाडीच्या हप्त्यांना लाजवील अशा किमतीची. पण काडतूस तेच, .२२ लाँग रायफल. तेवढ्या धाग्यावर मी दुकानात गेले.

न्यू जर्सीत ‘गेले’ म्हणजे आधी गावच्या पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे, ओळखीच्यांची नावं, मग फायरआर्म्स पर्चेसर कार्ड (बंदूक विकत घ्यायचा परवाना), मग दुकानात केंद्र सरकारचा ४४७३ चा फॉर्म आणि पार्श्वभूमीची तपासणी. एच-१बीवर असलेल्यांना काही अपवाद सोडले तर विकत घेता येत नाही, आमचं ग्रीन कार्ड झालेलं होतं. मॅगझिन दहाचंच, २०१८ पासून इथं त्याहून मोठं चालत नाही. सायलेन्सरला बंदीच आहे, तेव्हा तो लावायला आटे पाडलेल्या थ्रेडेड बॅरलचं कौतुक मला सांगू नका. आणि रायफल गाडीत असताना घर ते रेंज, रेंज ते घर, वाटेत उगाच वळायचं नाही. ओक ट्री रोड, आपल्या खाण्याच्या दुकानांचा रस्ता, अगदी वाटेवर असून गाडी थांबवता येत नाही. वर्षभरात सगळ्यात जास्त जीव जळला असेल तर त्या न खाल्लेल्या वडापावांवर.

आता नेम. इथं मी कंपनीला पूर्ण मार्क देते. जाहिरातीत पन्नास यार्डांवर एक इंचाचा ग्रुप असा दावा होता. असले दावे बरेचदा तीन गोळ्यांच्या ग्रुपवर करतात. तीन गोळ्या नशिबानंही जवळ पडतात. मी दहा-दहाचे मारले. बाकावर वाळूच्या पिशव्या, साधा, तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा .२२ चा स्कोप. सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटी या गोळ्यांचा ग्रुप इंचाच्या आसपास येतो, एसके स्टँडर्ड प्लस या जर्मन गोळ्यांचा पाऊण इंच. मोठ्या डब्यातून सुटा मिळणारा स्वस्त माल दोन इंचांपर्यंत पसरतो, त्यात एखादी गोळी भलतीकडेच. पाऊण इंच म्हणजे एकोणीस मिलिमीटर, आणि ऑलिंपिकच्या पन्नास मीटर टार्गेटवर दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. ते कुसाळेसारखे नेमबाज उभ्यानंही मारतात. पण पाचशे डॉलरच्या आतल्या सेमी-ऑटोकडून याहून जास्त मागणं हावरटपणा होईल.

मंद गोळी नीट लागते आणि जलद गोळी पसरते, हे नव्यानं घेणाऱ्यांना उलटं वाटतं. आवाजाचा वेग साधारण ११२५ फूट सेकंदाला. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी १०७० नं निघते, म्हणजे पहिल्यापासूनच त्याच्या खाली. सीसीआयच्याच मिनी-मॅगसारखी जलद गोळी १२३५ नं निघाली की वाटेत कुठंतरी ती आवाजाच्या वेगाखाली उतरते आणि उतरताना डगमगते. शिवाय प्रत्येक बॅरलची आवड वेगळी. माझ्या बॅरलला नेमका महाग जर्मन माल आवडावा, हे माझं नशीब. स्वस्त गोळी सात-आठ सेंटला पडते, सीसीआय दहा-बारा, एसके त्याच्याही वर. आणि .२२ रिमफायर असल्यामुळे, म्हणजे पेटवणारा मसाला कडेतच असल्यामुळे, रिकाम्या केस (मागे उरणारी पितळी नळकांडी) पुन्हा भरता येत नाहीत. पितळेचा तो ढीग रेंजच्या बादलीत ओतताना हात जड होतोच.

ट्रिगर जड आहे, पण स्वच्छ सुटतो. बोल्ट, म्हणजे गोळी चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग, शेवटच्या गोळीनंतर उघडा राहत नाही, हे या घराण्याचं जुनं वळण, सवय होते. लाकडी स्टॉकचा (दस्त्याचा) स्क्रू ढिला पडला की ग्रुप पसरतो, तेव्हा महिन्यातून एकदा बघावा. संपलं.

आता मूळ दुखणं. याच्यासाठीच हे सगळं लिहितेय.

रेंजवर ‘सीज फायर’ झालं की सगळ्यांनी मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढायचा, चेंबरमधली गोळी बाहेर पडलेली डोळ्यांनी बघायची, प्लॅस्टिकचं झेंडीसारखं चेंबर फ्लॅग आत घालायचं आणि रेषेच्या मागे यायचं. मगच लोक टार्गेट बदलायला पुढे जातात. एनसीसीत याला ‘खाली कर’ म्हणायचे आणि त्यात हयगय झाली तर उस्ताद अख्ख्या ट्रूपसमोर सोलायचे. माझी रायफल नेमकी इथं अडते. बोल्ट मागे येतो, पण न मारलेली गोळी चेंबरमध्येच राहते. केस बाहेर पडायच्या बाजूच्या खिडकीतून तिची पितळी कड दिसते आणि फ्लॅग काही आत जात नाही. दोन्ही बाजूंचे लोक हात बांधून उभे. रेंज ऑफिसर येतात, नळी पुढेच धर म्हणतात, पातळ पितळी काडीनं ती कड उचकटून गोळी बाहेर काढतात. पहिल्यांदा ते हसले. नंतर हसायचे बंद झाले, आणि त्यांचं बरोबरच आहे.

मारताना मात्र ही जवळजवळ कधीच अडत नाही, म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. गोळी उडते तेव्हा रिकामी केस मागे ढकलायला वायूचा दाब असतो. ब्लोबॅकचं, म्हणजे या दाबावर चालणाऱ्या रचनेचं, कामच ते, एक्स्ट्रॅक्टरची नखी फक्त केसला धरून वाटेला लावते. न उडालेल्या गोळीला दाब कुठला? तिला ओढून काढायची सगळी मदार त्या नखीवर. त्यात मॅच चेंबर आखूड आणि घट्ट, शिशाची गोळी पुढे रायफलिंगच्या, म्हणजे बॅरलमधल्या पिळाच्या, दात्यांत किंचित रुतते. नेम चांगला येतो तो यामुळेच, कारण प्रत्येक गोळी एकाच जागेवरून, सरळ निघते. पण रुतलेली गोळी ओढायला नखी धारदार आणि स्प्रिंग खणखणीत हवी. यांनी चेंबर शर्यतीचं दिलं आणि नखी बाजारातली सगळ्यात स्वस्त बसवली.

मासिकं आणि व्हिडिओवाले विश्वासार्हता मोजतात ती ‘इतक्या गोळ्यांत इतके जॅम’ अशी. त्या हिशोबानं माझी रायफल अव्वल. गोळी भरलेली रायफल रिकामी होते का, हे त्यांच्या कुठल्याच तक्त्यात नसतं. माझ्या मते पहिला रकाना तोच हवा. मारताना जॅम झाला तर माझा वेळ जातो. इथं दुसरे लोक पुढे जाणार असतात.

सर्व्हिसचं आख्यान थोडक्यात. पहिल्या फोनवर उत्तर: नवी आहे, थोडी चालू द्या, मोकळी होईल. मोकळी व्हायला आणखी गोळ्या माझ्या पैशानं. दुसऱ्यांदा: आम्ही सुचवलेल्या गोळ्या वापरा. सुचवलेल्या म्हणजे ज्या मी वापरतच होते त्याच. मग चेंबर साफ करा. केलं; .२२ च्या गोळीवरचं मेण आणि काजळी मिळून चेंबरच्या तोंडाशी कडक वळं तयार होतं हे खरंच, आणि ते ब्रशनं घासून काढल्यावर चारआठ दिवस फरक पडला. थंडी सुरू झाली आणि पुन्हा पहिले पाढे. शेवटी त्यांनी त्यांच्या खर्चानं कुरिअरचं लेबल पाठवलं, रायफल गेली, कित्येक आठवडे तिकडेच राहिली आणि वर सांगितलेला कागद घेऊन परत आली. मी लिहिलं होतं ‘रिकामी होत नाही’, त्यांनी तपासलं ‘उडते का’. उडते हो.

मग मी रेंज ऑफिसरांच्या देखरेखीखाली, नळी बर्मकडे (टार्गेटमागच्या मातीच्या बांधाकडे) धरून, अडकलेल्या गोळीचा व्हिडिओ काढून पाठवला. त्यावर ईमेलला उत्तर नाही, पण काही दिवसांनी टपालानं एक छोटी पिशवी आली. आत एक एक्स्ट्रॅक्टर. ना पत्र, ना दिलगिरी. बसवला. बराच फरक पडला, पण दर रेंजच्या दिवशी एखादी गोळी रुसून बसायचीच.

इथपर्यंतचं मी विकून टाकायच्या बेतात असताना लिहिलं होतं, आणि शेवटचं वाक्य ‘घेऊ नका’ असं होतं. ते आता खोडते. १०/२२ च्या घाटाचा एक मोठा फायदा म्हणजे सुट्या भागांचा बाजार. आयोवातल्या वोल्क्वार्टसेन कंपनीचा एक्स्ट्रॅक्टर पंधरा डॉलरच्या आसपास मिळतो. रिकाम्या रायफलीचा बोल्ट बाहेर काढायचा, छोट्या स्क्रूड्रायव्हरनं प्लंजर (नखी दाबून धरणारी खुंटी) मागे दाबायचा, जुनी नखी काढून नवी ठेवायची. स्प्रिंग उडून सोफ्याखाली जाणार हे धरून चालायचं, म्हणून आमच्या ह्यांना उशीचं कव्हर धरून समोर बसवलं. दोन्ही नख्या शेजारी ठेवल्या तर नुसत्या डोळ्यांना फरक कळतो: जुनीची कड गोल, नवीची धार कोरलेली. त्यानंतर आजपर्यंत एकही गोळी आत राहिलेली नाही, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. ग्रुप होते तसेच आहेत. रेंज ऑफिसर परवा पुन्हा हसले.

म्हणून आता मत असं: नेमासाठी घ्या, पण किमतीत पंधरा डॉलर वाढवून धरा आणि पहिल्याच दिवशी ती नखी बदला. वॉरंटीवाल्यांना विचारायच्या फंदात पडू नका, जुना भाग मात्र जपून ठेवा. ज्याला नुसते डबे फोडायचे आहेत आणि स्वस्तच गोळ्या वापरायच्या आहेत, त्यानं मॅच चेंबरच्या वाटेला जाऊच नये. साधं मोकळं चेंबर असलेली मूळ रूगर घ्यावी. दोन इंचांच्या गोळ्यांना पाऊण इंचाचं बॅरल घेऊन काय करणार?

जुनी विकत घेणाऱ्यांसाठी एक. दुकानात अल्युमिनियमची डमी गोळी घालून बोल्ट ओढून दाखवतील आणि ती खटकन बाहेर पडेल. माझ्याही रायफलीतून पडायची, अगदी वाईट दिवसांतही. डमी कडक असते, रायफलिंगमध्ये रुतत नाही. खरी परीक्षा रेंजवर, शिशाच्या खऱ्या गोळीनं, आणि तीही बॅरल घाण झाल्यावर. विकणारा तयार नसेल तर पंधरा डॉलर कमी करून घ्या.

कंपनीनं काल समाधानाचा सर्व्हे पाठवलाय. पहिला प्रश्न: ‘रायफलीच्या अचूकतेबद्दल आपण किती समाधानी आहात?’ पाचपैकी पाच दिले. रिकामं करण्याबद्दल प्रश्नच नाही, म्हणून खालच्या मोकळ्या चौकटीत पंधरा डॉलरची पावती जोडली. ती फाइल अपलोड होत नाहीये.